नदी व्यक्ती झाली, पण तिची पेटी कुठे आहे?

२० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या जिवंत, कायदेशीर व्यक्ती असल्याचं जाहीर केलं. नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता या तिघांना त्यांचे पालक नेमलं. चार महिन्यांच्या आत, ७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली. स्थगिती मागायला गेलं होतं खुद्द उत्तराखंड सरकार. त्याचे प्रश्न रोकडे होते. गंगा पुढे दुसऱ्या राज्यांतून वाहते, तिथे आमच्या मुख्य सचिवांचा अधिकार काय? उद्या पूर आला, माणसं दगावली, तर भरपाईचा दावा नदीवर लावायचा का? आणि लावला तर पैसे कुणी भरायचे?

अनेकांना ही नोकरशाहीची पळवाट वाटली. सरकारचा हेतू काहीही असो, प्रश्न अगदी नेमके होते, आणि ते नवेही नव्हते. जे माणूस नाही त्याला कायद्यात व्यक्ती मानायचं तर काय काय लागतं, याचा खल मध्ययुगातल्या कायदेपंडितांनी नगरं, मठ, विद्यापीठं आणि देवस्थानं यांच्या संदर्भात पिढ्यानपिढ्या केला होता. त्यांच्या लेखी कायदेशीर व्यक्तित्व म्हणजे मान-सन्मान नव्हता. कुणाची मालमत्ता, कुणाचं कर्ज, कुणी बोलायचं आणि चुकलं तर कुणी भरायचं, याची ती व्यवस्था होती. आपल्याकडे नद्यांच्या व्यक्तित्वाची चर्चा होते तेव्हा सन्मानाची बाजू भरभरून मांडली जाते आणि ही व्यवस्थेची बाजू मोकळी राहते. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

युरोपातल्या मध्ययुगीन कायद्याचा पाया रोमन होता. सम्राट जस्टिनियनने ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘डायजेस्ट’ हा न्यायवचनांचा संग्रह अकराव्या शतकात इटलीत पुन्हा वापरात आला आणि बोलोन्यातले पंडित त्यावर टीका लिहू लागले. त्यात गायस या दुसऱ्या शतकातल्या कायदेपंडिताचं एक छोटं वचन आहे. ज्या मंडळाला संघ म्हणून मान्यता मिळते त्याच्याजवळ तीन गोष्टी असतात: सामाईक मालमत्ता, सामाईक पेटी आणि संघाच्या वतीने काम चालवणारा मुखत्यार. या वचनात आत्म्याचा, जिवंतपणाचा किंवा पावित्र्याचा उल्लेखही नाही. त्याच प्रकरणात उल्पियन या आणखी एका रोमन कायदेपंडिताचं दुसरं वचन येतं: संघाचं येणं हे सभासदांचं येणं नव्हे आणि संघाचं देणं हे सभासदांचं देणं नव्हे. आजच्या सहकारी संस्थेपासून कंपनीपर्यंत सगळं या दोन वचनांच्या भरवशावर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

यातला मुखत्यार नेमण्याचा भाग मध्ययुगीन न्यायालयांनी विलक्षण काटेकोरपणे पाळला. एखाद्या नगराला किंवा धर्मपीठाच्या मंडळाला दावा लावायचा असेल तर आधी सगळ्या हक्कदार सभासदांना बोलावणं जायला हवं. मुखत्यार नेमण्याच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, ही अट डायजेस्टमधूनच आलेली. मग बहुमताने नेमणूक, तिचा लेखी दस्त आणि त्यावर संघाची मोहोर किंवा नोटरीचा दाखला. न्यायालयात प्रतिपक्षाचा वकील पहिला हल्ला या दस्तावर करी. सभा रीतसर बोलावली होती का? कुणाला वगळलं होतं का? धर्मपीठांच्या निवडणुकांबाबत तर असा नियम रूढ झाला की हजर असलेल्या अनेकांच्या विरोधापेक्षा न बोलावलेल्या एकाची उपेक्षा जास्त घातक. विरोध करणाऱ्यांना बहुमताने हरवता येतं, पण ज्याला कळवलंच नाही त्याच्या तक्रारीवर सगळी निवडणूक रद्द होऊ शकते. आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस एका सभासदाला मिळाली नाही म्हणून ठराव अडकतो, त्यामागची समज हीच आहे.

तेराव्या शतकात या विचाराला सगळ्यात मोठी धार दिली ती सिनिबाल्दो फिएस्की या धर्मशास्त्रीय कायद्याच्या पंडिताने, म्हणजे १२४३ ते १२५४ या काळात पोप असलेल्या चौथ्या इनोसंटने. संघाशी संबंधित बाबीत मंडळ ही एक व्यक्ती असल्याची कल्पना करावी, असं त्याने आपल्या भाष्यात लिहिलं. पुढच्या काळात या वाक्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आणि त्यातून एखादं गूढ तत्त्वज्ञान काढलं गेलं. पण मूळ अडचण व्यवहारातली होती. एखाद्या नगराने किंवा मंडळाने चर्चविरुद्ध अपराध केला तर सगळ्या संघाला बहिष्कृत करायचं का? १२४५ च्या ल्यों (Lyon) इथल्या धर्मपरिषदेने याला स्पष्ट मनाई केली. बहिष्कार हा आत्म्याला होणारा दंड. संघाला आत्मा नाही, म्हणून तो दंड प्रत्यक्षात एकेका सभासदावर पडणार, आणि त्यात ज्यांचा अपराधाशी काही संबंध नाही असेही भरडले जाणार. बहिष्कार घालायचा तर ज्यांनी केलं त्यांच्यावर घाला. म्हणजे या कल्पनेच्या जोरावर इनोसंटने संघाला मोठेपणा दिला नाही, निरपराध माणसांना वाचवलं. त्याच चर्चकडे अख्ख्या गावातले धार्मिक विधी थांबवण्याचा दुसरा दंड होता आणि तो वापरात राहिला, त्यात निरपराधही होरपळत. तत्त्व सापडलं म्हणून सगळीकडे न्याय झाला असं नव्हे.

उल्पियनच्या वचनाचंही तसंच. ग्रंथात ते निर्विवाद होतं, रस्त्यावर नव्हतं. इटलीतली नगरं तेव्हा स्वतंत्र राज्यं होती. समजा फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने सिएनातल्या माणसाचे पैसे बुडवले आणि फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने दाद दिली नाही. मग सिएनाचं सरकार आपल्या माणसाला परवाना देई आणि तो हाती लागेल त्या फ्लॉरेन्सकराचा माल जप्त करी. हा प्रकार इतका सर्रास होता की चौदाव्या शतकातला सर्वांत मोठा कायदेपंडित बार्तोलो याने १३५४ मध्ये अशा जप्तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिला अटी घातल्या. इंग्लंडमध्ये १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने राज्यातल्या कुणाही माणसाला, तो स्वतः ऋणको किंवा जामीन नसेल तर, दुसऱ्याच्या कर्जासाठी अडवायला मनाई केली. संघाची पेटी वेगळी आणि सभासदाचा खिसा वेगळा ही गोष्ट न्यायाधीशाच्या एका वाक्याने सिद्ध झाली नाही. एकेक जप्ती रोखत, एकेक कायदा करत ती अंमलात आणावी लागली.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. हाडामांसाचा माणूस कायद्याने व्यक्ती नसणं हेही मध्ययुगात नित्याचं होतं. इंग्लंडमध्ये मठात शपथ घेतलेला साधू कायद्याच्या दृष्टीने मेलेला असे. त्याच दिवशी त्याची जमीन वारसांकडे जाई, त्याचं मृत्युपत्र लागू होई. त्याला एकट्याला दावा लावता येत नसे आणि त्याच्यावर दावा लावायचा तर मठाधिपतीला सोबत घ्यावं लागे. मठाधिपती वारला की नवा येईपर्यंत मठाचं डोकंच हरवलेलं. त्या मधल्या काळात मठाच्या जमिनीवर कुणी हात मारला तर दाद कोण मागणार, यावर वकिलांना बरीच कसरत करावी लागली.

न मरणाऱ्या व्यक्तीचे आणखी एक दुष्परिणाम राजांना लवकर कळले. माणूस मेला की वारसाने जमिनीसाठी नजराणा द्यायचा, वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर जमिनीचं उत्पन्न सरदाराकडे, वारसच नसेल तर जमीन परत. मठ मरत नाही, अज्ञान वारस मागे ठेवत नाही, निर्वंशही होत नाही. म्हणजे जमीन एकदा मठाकडे गेली की सरदाराची ही सगळी प्राप्ती कायमची बंद. म्हणून पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये धार्मिक संस्थांना जमीन देण्यावर बंदी घातली. पुढे परवाने मिळू लागले, पण परवान्याआधी स्थानिक पंचांकडून चौकशी होई: ही जमीन मठाला दिली तर राजाचं आणि इतरांचं नेमकं किती नुकसान होतं? त्याची नोंद होई, मग निर्णय. चिरंजीव व्यक्ती जन्माला घालण्याआधी तिच्यामुळे कुणाचं काय जाणार हे विचारण्याची ही रीत आज आपण पूर्ण विसरलो आहोत.

आता आपल्याकडे येऊ. देव जमिनीचा मालक असतो ही कल्पना युरोपालाही परकी नव्हती. इंग्लंडच्या १०८६ च्या जमीन-पाहणीत भूधारक म्हणून संतांची नावं सरळ नोंदलेली आहेत. पण भारतीय शास्त्रकारांनी हा प्रश्न जितक्या थेटपणे विचारला तितका तिकडे क्वचितच विचारला गेला. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवर भाष्य करणारा शबर विचारतो: ‘देवग्राम’, ‘देवक्षेत्र’ असं आपण म्हणतो, मग देव मालक आहे का? त्याचं उत्तर सडेतोड आहे. हा केवळ उपचार आहे, बोलण्याची रीत. ज्याला एखादी वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येते त्याचीच ती वस्तू, आणि देव गाव किंवा शेत आपल्या इच्छेप्रमाणे वापरत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात देवस्व, म्हणजे देवाचं धन, लुबाडणाऱ्याची निंदा आहे. तिचा भाष्यकार मेधातिथीही हे स्वामित्व गौण अर्थानेच घेतो. म्हणजे देवस्वाचं रक्षण करायचं, पण देव मालक आहे असं भासवायचं नाही. देवस्व म्हणजे एका हेतूसाठी बाजूला काढून ठेवलेलं धन. ते राखण्याचं कर्तव्य राजाचं आणि समाजाचं.

मग मुखत्यार कोण? आपल्या मध्ययुगीन व्यवस्थेतली सर्वांत कमजोर जागा मला ही वाटते. दानपत्रांत ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, अशी मुदत असते, शेतांच्या चतुःसीमा असतात. पण दान मोडलं तर देवाच्या वतीने कुणी, कुठे जायचं याचं उत्तर बहुतेक वेळा शापात असतं. ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्’ हा श्लोक ताम्रपटांवर पुन्हा पुन्हा येतो: स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने, जो ही भूमी हरण करील तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. महाराष्ट्रात आणि गोव्यात सापडणाऱ्या गधेगाळींवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी देणाऱ्या शिळांवर, हेच दगडात कोरलेलं आहे. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढव व स्त्रीचं ते अभद्र चित्र, ज्याला वाचता येत नाही त्यालाही शिवी समजावी म्हणून. शिलाहार आणि यादव काळात असे दगड जागोजाग उभे केले गेले. ज्या समाजाला जमीन हिसकावली जाण्याची भीती नसते तो असे दगड उभे करत नाही.

गावाच्या बाबतीत मात्र आपली परंपरा जास्त भक्कम होती. मराठी कागदपत्रांत ‘समस्त पांढरी’, म्हणजे सगळं गाव, निवाड्याला बसते, महजर (निवाड्याचा लेख) होतो, त्यावर पाटलाची नांगराची निशाणी उमटते. गाव एक म्हणून बोलतं, आणि कुणाच्या निशाणीने बोलतं हे कागदावर दिसतं. गोव्यात ही व्यवस्था आजही कायद्याने जिवंत आहे. तिथल्या गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संघाचे, रीतिरिवाज १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने लिहून घेतले, आणि पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षी, १९६१ मध्ये, केलेली कोमुनिदादींची (गावकारीचं पोर्तुगीज नाव) संहिता अजून लागू आहे. दोनशेहून अधिक कोमुनिदाद आहेत. प्रत्येकीची स्वतःची जमीन आहे, खजिनदार आहे, आणि दावे चालवायला मुखत्यार आहे. गायसने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी तिथे जागच्या जागी सापडतात. अतिक्रमणाच्या आणि बेकायदा वाटपाच्या तक्रारी तिथेही आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची आणि नुकसान कुणाचं झालं हे तरी तिथे ठरलेलं आहे.

शबराने उपचार म्हटलेल्या गोष्टीला इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी पक्कं कायदेशीर रूप दिलं. १८८७ मध्ये डाकोरच्या रणछोडरायाच्या देवळाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने देवाला कायदेशीर व्यक्ती मानलं. त्या निकालातलं कळीचं वाक्य देवाच्या मोठेपणाबद्दल नव्हतं. देवापुढे आलेल्या दानाचा हिशेब सेवकांनी दिला पाहिजे, यासाठी ते व्यक्तित्व वापरलं गेलं. १९२५ मध्ये प्रमथनाथ मल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, देवाची बाजू मांडायला हितसंबंध नसलेला वादमित्र (अज्ञानाच्या वतीने दावा चालवणारा) नेमायला सांगितलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवावर आयकर बसू शकतो असं ठरवलं, आणि तेही बरोबरच होतं, कारण पेटी आली की कर आला. ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला विराजमान यांना व्यक्ती मानलं गेलं, पण जन्मस्थानाच्या जमिनीला स्वतंत्र व्यक्तित्व नाकारलं गेलं. जमीनच व्यक्ती झाली तर तिच्यावर इतर कुणाचा कसलाच हक्क शिल्लक राहत नाही, हा विचार त्यामागे होता. त्या निकालाबद्दल कुणाचं मत काहीही असो, नदीला व्यक्ती करू पाहणाऱ्यांनी एवढा भाग तरी सावकाश वाचावा.

देवाला न्यायालयं कायमचा अज्ञान मानतात. मध्ययुगीन धर्मशास्त्रीय कायद्यातही चर्चला अज्ञानाचे हक्क होते आणि मंडळाच्या संमतीशिवाय धर्माधिकाऱ्याला चर्चची मालमत्ता विकता येत नसे. अज्ञानाचा धोका दोन्हीकडे एकच, पालक. देवस्थान इनामाच्या जमिनीचा सातबारा पाहिला की हे कळतं. मूळ नोंदीत भोगवटादार म्हणून देवाचं नाव, आणि वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचं. पुजारी वारतो, वारसांची नोंद होते, फेरफार मंजूर होतो. पिढी उलटते तसं देवाचं नाव ‘इतर हक्कात’ सरकतं, आणि एखाद्या पुनर्लेखनात तिथूनही गळतं. मग जमीन विकली जाते आणि खरेदीदार म्हणतो, कागद तर स्वच्छ होता. यात कुणी एका दिवशी चोरी केलेली नसते. ज्याने हरकत घ्यायची तोच वहिवाटदार असतो, एवढंच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्या प्रकरणात स्पष्ट केलं की पुजारी हा व्यवस्थापक आहे, मालकाच्या रकान्यात नाव देवाचंच हवं. पंढरपुरात तर बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे हक्क संपवणारा १९७३ चा कायदा, मग त्यांचे दावे, आणि शेवटचा निकाल २०१४ मध्ये. देवाचं व्यक्तित्व या सगळ्या काळात अबाधित होतं. भांडण होतं ते त्याच्या वतीने दानाच्या पेटीला कुलूप कुणी लावायचं याचं.

या पार्श्वभूमीवर उत्तराखंडचा आदेश वाचला की त्यातली उणीव लगेच दिसते. मालमत्ता: नदीचं पात्र, पूररेषेतली जमीन, पाण्याचा वाटा, यातलं काय नदीच्या नावावर झालं? काहीच नाही. पेटी: नव्हती. मुखत्यार: तिघेही त्याच सरकारांचे, ज्यांच्या परवानग्यांनी नदीत सांडपाणी जातं आणि काठावर बांधकामं होतात. प्रतिवादीलाच अज्ञानाचा पालक नेमल्यासारखं हे झालं. बोलोन्यातला कुठलाही वकील पहिल्याच तारखेला तो दस्त फेटाळायला सांगता.

त्याच महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने व्हांगानुई नदीबद्दल कायदा संमत केला, आणि त्याची रचना अगदी निराळी आहे. नदीपात्राचा सरकारी मालकीचा भाग नदीच्याच नावे केला. तिच्यासाठी ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी ठेवला. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं, एक सरकारने सुचवलेला आणि एक नदीकाठच्या माओरी समाजांनी. मालमत्ता, पेटी, मुखत्यार. तिथली नदी त्यामुळे निर्मळ झाली असा दावा मी करत नाही, पण तिच्या वतीने कुणी काही केलं नाही तर जाब कुणाला विचारायचा हे तिथे ठरलेलं आहे.

यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते प्रामाणिक आहे: व्यक्तित्वाच्या घोषणेने लोकांची दृष्टी बदलते, नदीला आपण माणसाइतकं मानायला लागतो. पण नदीला आई मानणारा समाज आपलाच आहे. इंद्रायणीची आरतीही होते आणि आळंदीला तिच्यावर रसायनांचा फेसही तरंगतो. श्रद्धा कमी पडली म्हणून तो फेस आलेला नाही. पात्रात काय सोडलं जातं ते मोजून, सोडणाऱ्याकडून वसूल करून, ती रक्कम नदीवरच खर्च करायला बांधलेला कुणी नाही, म्हणून आला. आणि घोषणेचा एक खरा धोकाही आहे. नदी व्यक्ती झाली की जबाबदारी तिच्या नावावर टाकून मोकळं होता येतं. संघाच्या नावाने झालेल्या अपराधात प्रत्यक्ष करणाऱ्यांना वेगळं काढा, असं इनोसंटने सांगितलं होतं. इथे त्याच्या उलटं होण्याची शक्यता आहे.

म्हणून महाराष्ट्रात हा प्रयोग करायचाच असेल तर न्यायालयाच्या आदेशाने नको, विधिमंडळाच्या कायद्याने व्हावा, आणि कृष्णेसारख्या चार राज्यांतून जाणाऱ्या नदीपासून सुरुवात नको. पंचगंगा घ्या. कोल्हापूरजवळच्या प्रयाग संगमापासून नृसिंहवाडीपर्यंतचा तिचा सगळा प्रवास एकाच जिल्ह्यात आहे, त्यामुळे अधिकारक्षेत्राचा घोळ नाही. पात्र आणि निळ्या पूररेषेतली (बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यातली) सरकारी जमीन तिच्या नावे सातबारावर चढवावी. प्रदूषणाची भरपाई सरकारी तिजोरीत न जाता तिच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी आणि खात्याचं लेखापरीक्षण दरवर्षी प्रसिद्ध व्हावं. तिच्यावर दावा लागलाच तर तो त्या खात्यापुरताच मर्यादित असावा, आणि पुरासारख्या नैसर्गिक घटनेसाठी दावा चालणार नाही असं कलम असावं. १२७९ नंतरच्या इंग्लंडसारखी आधी जाहीर चौकशीही व्हावी: काठावरचे शेतकरी, वाळू काढणारे, मासेमारी करणारे आणि इचलकरंजीतले कापडावर प्रक्रिया करणारे प्रोसेसवाले यांच्यापैकी कुणाचं काय जातं ते लेखी नोंदवलं जावं.

राहिला मुखत्यार. मध्ययुगीन वकील सर्व कामांचा कायम मुखत्यार आणि एका दाव्यापुरता नेमलेला मुखत्यार असा भेद करत. पंचगंगेसाठी आधी दुसरा प्रकार पुरे. दोन माणसं, पाच वर्षांची मुदत, काम एकच: पात्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध दावे चालवणं. एकाची नेमणूक उच्च न्यायालयाने करावी, दुसऱ्याची काठावरच्या ग्रामसभांनी मिळून, प्रत्येक ग्रामसभेला रीतसर नोटीस देऊन. दोघांपैकी कुणीही सरकारी नोकर, पालिकेचा पदाधिकारी किंवा कारखान्याचा संचालक नसावा. काम झालं नाही तर नदीकाठच्या कुणाही रहिवाशाला त्यांना बदलण्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करता यावा. पाच वर्षांनी खात्यात किती जमा झालं आणि किती नाले बंद झाले हे पाहून मग बाकीचे अधिकार द्यायचे की नाही ते ठरवावं.